वेदीवरील लिननची वस्त्रे : घरी धुण्याची व जपण्याची रीत

आठवड्याअखेरीस सॅक्रिस्टीतून एक लहानशी कापडी पिशवी एखाद्या कुटुंबाच्या घरी जाते. तिच्यात आठवडाभरातील मिस्सांत वापरलेली वस्त्रे असतात : कॉर्पोरल, प्युरिफिकेटर, धर्मगुरूंनी हात पुसलेले रुमाल, कधी मोठे वेदीवस्त्र. पूर्वी हे काम बहुधा मठातील धर्मभगिनी करीत. आज अनेक धर्मग्रामांत ते प्रापंचिक भगिनी, आणि क्वचित बंधूही, आळीपाळीने करतात. पिशवी हाती देताना ‘जपून धुवा’ एवढेच सांगितले जाते. जपून म्हणजे नेमके कसे, हे सांगणारे कोणी जवळ नसले की चांगल्या हेतूने केलेल्या धुलाईनेच वस्त्राची हानी होते. चांगल्या लिननचे वस्त्र नीट सांभाळले तर एक पिढी सहज टिकते. ते दोन-तीन वर्षांत विरले तर दोष वापराचा क्वचितच असतो. ब्लीच, कपड्यात राहू दिलेली खळ आणि इस्त्रीने दाबून पाडलेली घडी, या तिन्हींपैकी एखादे कारण बहुधा सापडते.

लिनन म्हणजे कोणते कापड?

मराठी बायबलमध्ये येशूचा देह ज्या वस्त्रात गुंडाळला त्याला ‘तागाचे वस्त्र’ म्हटले आहे. त्यामुळे पुष्कळांचा समज असा होतो की गोणपाट ज्यापासून बनते तोच हा ताग. वस्तुतः लिननचा धागा जवसाच्या, म्हणजे अळशीच्या झाडाच्या खोडातून निघतो. विदर्भात जवस पिकतो तो तेलबियांसाठी. त्याचे झाड बुटके व फांद्याळ असते. धाग्यासाठी लावतात तो वाण उंच व सरळसोट वाढतो, आणि त्याची मोठी लागवड फ्रान्स व बेल्जियमच्या किनारपट्टीत होते. खोडे दवात किंवा पाण्यात कुजवून त्यांतील चिकट द्रव्य सुटे केल्यावर लांब, चकचकीत तंतू हाती येतात.

या तंतूचे गुण-दोष कळले की निगा राखण्याचे निम्मे नियम आपोआप समजतात. तो पाणी झटकन शोषतो आणि लवकर वाळतो. ओला असताना तो कोरड्यापेक्षा अधिक बळकट असतो, म्हणून पाण्याला व हाताने धुण्याला घाबरण्याचे कारण नाही. तो कडक इस्त्रीही सोसतो. परंतु त्याला ताण जवळजवळ नाही. सुताचा धागा तुटण्यापूर्वी साधारण सात टक्के लांबतो, लिननचा जेमतेम दोन-तीन टक्के. म्हणूनच लिननला सुरकुत्या पडतात, आणि एकाच रेषेवर वारंवार घडी घातली की त्या रेषेवर धागे तुटू लागतात. जुन्या वेदीवस्त्रावर विरळ रेषा दिसतात त्या अशाच पडलेल्या असतात.

पूर्वी कॉर्पोरल व चषकावरील झाकण लिनन किंवा भांगेच्या धाग्याचेच असावे असा कडक नियम होता. आजच्या नियमांत अशी सक्ती नसली तरी प्रथा तीच आहे, आणि ती व्यवहार्यही आहे. शुद्ध लिनन परवडत नसेल तर जाड विणीचे चांगले सुती कापड घ्यावे. टेरीकॉट मात्र टाळावे. ते पांढरे दिसते, सुरकुततही नाही, पण पाणी शोषत नाही. चषक पुसायला घेतलेला असा रुमाल थेंब इकडून तिकडे फिरवीत राहतो. दुकानात शंका आली तर कापडावर पाण्याचा थेंब टाकून पाहावा. मात्र कोऱ्या लिननलाही कारखान्यातील खळ असते, म्हणून नव्या कापडाचा निवाडा एक-दोन धुण्यांनंतर करावा. नवे कापड बेतण्यापूर्वी गरम पाण्यात धुऊन आटवून घेणे आवश्यक आहे. तसे न केल्यास बेतून शिवलेले वस्त्र पहिल्या धुण्यात वाकडे होते.

पहिले पाणी

घरच्या टेबलावरील लिनन आणि वेदीवरील लिनन यांच्या धुलाईत फरक आहे तो इथेच. कॉर्पोरल म्हणजे साधारण अर्धा मीटर चौरस वस्त्र. त्यावर चषक व पॅटन ठेवतात, म्हणून त्यावर पवित्र भाकरीचे सूक्ष्म कण पडण्याचा संभव असतो. प्युरिफिकेटरने चषक पुसतात. त्यात पवित्र रक्ताचा अंश शिरलेला असू शकतो. चषकावरील ताठ चौकोनी झाकण, ज्याला पॉल म्हणतात, तेही याच गटात मोडते. हात पुसण्याचे रुमाल आणि वेदीवस्त्र हे या गटात येत नाहीत. मात्र वेदीवस्त्रावर पवित्र रक्त सांडले असेल तर ती जागा अशीच हाताळावी.

१९१७ च्या धर्मविधिसंहितेनुसार ही वस्त्रे प्रापंचिकांच्या हाती धुण्यासाठी देण्यापूर्वी वरिष्ठ दीक्षा मिळालेल्या व्यक्तीनेच पहिल्या पाण्यातून काढावीत असा दंडक होता. तो दंडक आता राहिलेला नाही, परंतु त्यामागील भाव कायम आहे. उपासनाविधीची देखरेख करणाऱ्या रोमच्या मंडळाने २५ मार्च २००४ रोजी ‘रिडेम्प्शियोनिस साक्रामेंटुम’ ही सूचनावली जारी केली. तिच्या १२० व्या परिच्छेदात सांगितले आहे की वेदीची वस्त्रे सदैव स्वच्छ असावीत, पहिली धुलाई हाताने करावी व ते पाणी चर्चमधील सॅक्रेरियममध्ये किंवा योग्य जागी जमिनीत ओतावे. त्यानंतरची धुलाई नेहमीच्या पद्धतीने करण्यास हरकत नाही. सॅक्रेरियम म्हणजे ज्याचे पाणी गटारात न जाता थेट मातीत मुरते असे कुंड.

प्रत्यक्षात ते असे करावे. या कामासाठी स्टीलचे एक पातेले वेगळे ठेवावे. घरच्या धुण्याची बादली वापरू नये. कॉर्पोरल झटकू नये. ज्या घडीत तो आला आहे त्याच घडीत पातेल्यावर धरून आतल्या आत उलगडावा व गार, स्वच्छ पाण्यात बुडवावा. साबण घालू नये. काही तास भिजू द्यावा, हाताने हलकेच चुबकावे, आणि पाणी सॅक्रेरियममध्ये ओतावे. घरी असाल तर जिथे कोणी चालत नाही अशा स्वच्छ जागी, झाडाच्या बुंध्याशी ओतावे. मोरी किंवा बेसिन यांत ते पाणी कधीही जाऊ नये. सदनिकेत राहणाऱ्या कुटुंबाला अंगण नसते, म्हणून पहिले पाणी सॅक्रिस्टीतच काढून ओली वस्त्रे घरी द्यावीत, हा अधिक चांगला मार्ग. मात्र ओली वस्त्रे पिशवीत रात्रभर राहिली तर पावसाळ्यात त्यांवर बुरशी चढते. हेही लक्षात असावे.

धुलाई

पहिल्या पाण्यानंतर हे कापड म्हणजे लिननच; त्याला घरातील उत्तम लिननचेच नियम लागू होतात. कोमट ते गरम पाणी, सौम्य डिटर्जंट, भरपूर विसळणे. पाणी क्षारयुक्त असेल, आणि आपल्याकडील अनेक कूपनलिकांचे तसे असते, तर साबणाची वडी वापरू नये. क्षार व साबण यांचा जो चिकट साका तयार होतो तो धाग्यांत बसतो, आणि काही महिन्यांत पांढरे कापड मळकट करडे दिसू लागते. डिटर्जंटने असा साका पडत नाही. विसळायला शेवटचे पाणी पिण्याच्या गोड्या पाण्याचे घेतले तर फरक डोळ्यांना दिसतो. रिठ्याचे पाणी जुन्या, नाजूक भरतकामासाठी उत्तम, पण ते पिवळसर छटा सोडते. विसळण्यात आळस करू नये.

यंत्रात धुण्यास हरकत नाही. वस्त्रे जाळीच्या पिशवीत घालावीत, ढोल पूर्ण भरू नये, पिळण्याचा वेग कमीत कमी ठेवावा. घरच्या इतर कपड्यांत ती मिसळू नयेत. कापड मऊ करणारे सुगंधी द्रव्य प्युरिफिकेटरला मुळीच लावू नये. त्याचा थर धाग्यावर बसतो आणि शोषणशक्ती जाते. त्याचा वास चषकाला लागतो तो वेगळाच.

ब्लीचविषयी थोडे सविस्तर सांगणे भाग आहे, कारण सर्वाधिक नुकसान त्यानेच होते. दुकानातील पातळ ब्लीच क्लोरीनचे असते. ते डागासोबत धाग्यालाही खाते. परिणाम त्याच दिवशी दिसत नाही, सहा महिन्यांनी कापड बोटाने दाबताच फाटते. शिवाय पाण्यात लोह असेल तर क्लोरीनमुळे ते लोह गंजाच्या रूपाने कापडावर बसते, आणि पांढरे करायला घातलेल्या द्रव्याने वस्त्र पिवळे होते. पिवळेपणा पाहून पुन्हा ब्लीच घातले जाते आणि हे चक्र वस्त्र संपेपर्यंत चालू राहते. पांढरेपणा हवा असेल तर ऑक्सिजनयुक्त पूड गरम पाण्यात विरघळवून तासभर भिजवावे. किंवा त्याहून जुनी रीत वापरावी : ओले कापड हिरवळीवर उन्हात पसरावे व वाळू लागले की पुन्हा पाणी शिंपडावे. आयर्लंडमधील लिननचे कारखाने शेकडो वर्षे मैदानांवर कापड पसरून याच रीतीने पांढरे करीत. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा अमोनिया असलेले कोणतेही द्रव्य कधीही मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतो.

डाग

द्राक्षारसाच्या डागाला प्रथम साबण लावणे ही सर्वांत मोठी चूक. द्राक्षातील लाल रंग साबणाच्या क्षाराने निळसर करडा होतो आणि घट्ट बसतो. पहिल्या गार पाण्यातच बहुतेक डाग जातो. राहिलाच तर कापड पातेल्यावर ताणून धरून वरून उकळते पाणी हळूहळू ओतावे. लिननला ते सोसते. तरीही छटा राहिल्यास हायड्रोजन पेरॉक्साइड लावावे. बाटलीवर २० व्हॉल्यूम असे लिहिले असेल तर ते सुमारे ६ टक्के असते; त्यात तेवढेच पाणी मिसळावे, अर्धा तास ठेवावे व विसळावे. रंगीत भरतकामाच्या जवळ लावण्यापूर्वी कडेच्या एका धाग्यावर करून पाहावे.

मेणाचा डाग वेदीवस्त्रावर नित्याचाच. ओला मेण पुसू नये, पसरतो. बर्फाने कडक करून बोथट चमच्याने खरवडावा, मग वर-खाली टिपकागद किंवा कोरा तपकिरी कागद ठेवून मध्यम गरम इस्त्री फिरवावी आणि कागद बदलत राहावे. छापील वर्तमानपत्र वापरू नये. आगमनकाळातील जांभळ्या-गुलाबी मेणबत्त्यांचा मेण असेल तर इस्त्रीने रंग कापडात उतरतो. तिथे खरवडून उरलेला भाग स्पिरिटच्या बोळ्याने टिपावा. दोन्ही रूपांत ख्रिस्तप्रसाद दिला जातो तिथे प्युरिफिकेटरला लिपस्टिक लागते. हा डाग तेलकट असतो, गार पाण्याने हलत नाही. पहिले पाणी झाल्यावर भांडी घासण्याचे द्रव उलट बाजूने लावून चोळावे. याबाबत बोलताना संकोच होतो, पण मिस्सेपूर्वी ओठ पुसणे हा उपाय सर्वांत सोपा आहे.

ईस्टरच्या लिलींचा पिवळा पराग कापडावर पडला तर ना चोळावे ना भिजवावे. चिकटपट्टीने उचलावा आणि कापड उन्हात ठेवावे. त्याहून बरे, फुले मांडण्यापूर्वीच परागाचे देठ खुडून टाकावेत. खिळ्याचा किंवा लोखंडी बादलीचा गंज लागल्यास लिंबाचा रस व मीठ लावून उन्हात ठेवावे, पण काम झाले की आम्ल पूर्णपणे धुऊन काढावे, कारण ते राहिले तर धागा कुजतो. आणि घरच्या मेजवानीत लिननवर रश्शाचा डाग पडला, साबण लावताच हळद लाल झाली, तर घाबरू नये. ती क्षाराची करामत असते. विसळल्यावर पुन्हा पिवळी होते आणि दोन दिवसांच्या कडक उन्हात उडते.

वाळवणे, इस्त्री आणि घड्या

लिनन पिळू नये. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबावे आणि दोरीवर सरळ ताणून घालावे. पूर्ण कोरडे होण्यापूर्वीच काढावे, कारण कडकडीत वाळलेल्या लिननवरील सुरकुत्या वाफेच्या इस्त्रीनेही धड जात नाहीत आणि धागा ठिसूळ होतो. पावसाळ्यात दोरीवर दिवसभर ओले राहण्यापेक्षा पंख्याखाली तासभर ठेवून ओलसर असतानाच इस्त्रीने वाळवावे. इस्त्री तीन ठिपक्यांवर, म्हणजे सर्वांत गरम असावी, पण तिचा तळ आधी जुन्या कापडावर पुसून घ्यावा. प्रथम उलट बाजूने. भरतकामाखाली जाड टॉवेल ठेवला की क्रूस दबत नाही, उठून दिसतो.

कॉर्पोरल सपाट इस्त्री करावा आणि घड्या हाताने घालाव्यात. सुलट बाजू वर ठेवून पुढचा तिसरा हिस्सा आत, मग मागचा तिसरा हिस्सा त्यावर. नंतर बाजूंचेही तसेच. नऊ चौकोन होतात. सर्व घड्या आतल्या बाजूस असतात, म्हणून उघडताना व मिटताना कण आतच राहतात. ही रचना शतकानुशतके चालत आली आहे ती याच कारणाने, आणि घरी नकळत उलटी घडी घातली गेली तर धर्मगुरूंना वेदीवर ती पुन्हा सावरावी लागते. प्युरिफिकेटर लांबीच्या दिशेने तीन पदरी करून मध्ये दुमडतात. घडीवर इस्त्री फिरवून धारदार रेघ पाडण्याची हौस पुष्कळांना असते. ती आवरलेली बरी. काही धर्मग्रामांत कॉर्पोरलला पातळ खळ देतात, म्हणजे कण विणीत शिरत नाहीत. ही रीत जुनी आहे, पण खळ दिलेला कॉर्पोरल त्याच आठवड्यात वापरात यावा, कपाटात महिनोन्‌महिने राहू नये. प्युरिफिकेटरला खळ देण्यात काहीच अर्थ नाही.

साठवण

नाताळ व ईस्टरपुरती निघणारी मोठी वेदीवस्त्रे वर्षातील अकरा महिने कपाटात असतात, आणि तिथेच खराब होतात. ठेवण्यापूर्वी खळ पूर्ण धुऊन काढावी. लोकरीला लागणारी कीड लिनन खात नाही, पण कसर ही चंदेरी कीड खळीवर तुटून पडते आणि तिच्यासोबत कापडही कुरतडते. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नये. कोकणाच्या दमट हवेत आत ओल साठते. धुतलेल्या जुन्या सुती चादरीत गुंडाळावे. लाकडी फळीवर थेट ठेवल्यास लाकडातील आम्लाने तपकिरी पट्टे पडतात. लांब वेदीवस्त्र घडी घालण्यापेक्षा कापड लपेटलेल्या जाड नळीवर गुंडाळणे उत्तम. तशी सोय नसेल तर दर तीन-चार महिन्यांनी उघडून, हवा देऊन, घडी नव्या जागी घालावी. कडुनिंबाचा पाला चालतो, पण तो पुरचुंडीत बांधलेला असावा. पाने कापडाला टेकली तर डाग पडतो.

घडीचे महत्त्व किती, हे पाहायचे असेल तर ट्युरिनच्या कफनाकडे पाहावे. सुमारे ४.४ मीटर लांब व १.१ मीटर रुंद असे ते लिननचे वस्त्र १५३२ साली फ्रान्समधील शांबेरी येथे चांदीच्या पेटीत घड्या घालून ठेवले होते. तिथे आग लागली, आणि तापलेल्या पेटीची झळ एका कोपऱ्याला लागताच सर्व पदर एकदम होरपळले. म्हणून आज त्यावर जळाल्याच्या खुणा ठरावीक अंतराने दोन्ही बाजूंना दिसतात. १५३४ साली क्लारा संघाच्या धर्मभगिनींनी त्याला ठिगळे लावली. ती ठिगळे २००२ साली तज्ज्ञांनी काढली, कारण त्यांच्याखाली जळका चुरा साठून मूळ वस्त्राला अपाय होत होता. आता ते ना घडीत ठेवतात ना नळीवर. सपाट पसरून बंद पेटीत ठेवलेले असते. आपल्या सॅक्रिस्टीत एवढी जागा मिळणे शक्य नाही, पण ठिगळाबाबतचा धडा आपल्यालाही उपयोगी आहे. विरलेल्या वेदीवस्त्राला वरून जाड ठिगळ शिवू नये. त्याच्या कडेला ताण येऊन कापड तिथेच फाटते. बारीक सुई व लिननच्याच धाग्याने रफू करावे.

रफूच्या पलीकडे गेलेले वस्त्र पुसण्याचे फडके म्हणून वापरू नये, आणि कचऱ्यातही जाऊ नये. ते जाळून राख मातीत पुरावी, किंवा वस्त्रच पुरावे, अशी रूढ प्रथा आहे. मात्र मोठ्या वेदीवस्त्राचा कडेचा भाग विरला व मध्यभाग धड राहिला असेल, तर आधी धर्मगुरूंना विचारून त्यातून प्युरिफिकेटर कापता येतात. वर्षानुवर्षे धुतलेले असे लिनन नव्या कापडापेक्षा कितीतरी मऊ झालेले असते व पाणी अधिक शोषते. साधारण ३० बाय ४५ सेंटीमीटरचे तुकडे, अरुंद दुमड, हातशिलाई आणि मध्ये लाल धाग्याचा लहान क्रूस एवढे पुरेसे आहे. लाल धागा मात्र शिवण्यापूर्वी गरम पाण्यात टाकून पाहावा. रंग सुटणारा धागा पहिल्याच धुण्यात सारे काम वाया घालवतो.